लट लावून ओसरी उजळत नाही: वाड्याच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

वाड्यातल्या चित्रीकरणाच्या लेखावर तुम्ही सांगलीहून सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. भिंती, कपडे आणि उजेड परतवणारं थर्माकोल यांनी चित्र जागेवरच सांभाळा, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं, की हा सगळा फिल्मच्या जमान्यातला सल्ला झाला. आता लॉगमध्ये (उजेड-सावलीचे जास्त टप्पे साठवणाऱ्या फिकट रेकॉर्डिंगमध्ये) शूट करावं आणि लूक संगणकावर ठरवावा. शिवाय लाइट मागवणं लघुपटवाल्यांना परवडत नाही. जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत, की टील-ऑरेंज (निळसर-हिरवा आणि नारिंगी) लट, म्हणजे रंग बदलणारी तयार LUT फाइल, लावल्यावर हळदीच्या गोदामात चेहरे आणि हळद एकाच रंगाची झाली आणि ओसरीवरची दृश्यं मळकट आली. मी शेवटाकडूनच सुरुवात करतो, कारण पहिल्या आक्षेपाचं उत्तर तिथेच आहे.

लट म्हणजे एक तक्ता: हा आकडा आत आला तर तो बाहेर द्यायचा. चेहरा कुठला आणि हळद कुठली, हे त्याला कळत नाही. माणसाची त्वचा, गोरी असो वा सावळी, व्हेक्टरस्कोपवर (रंगांची दिशा दाखवणाऱ्या गोल आलेखावर) लाल आणि पिवळ्याच्या मधल्या पट्ट्यात पडते. हळद तिच्या शेजारीच बसते. टील-ऑरेंज लट सगळे उष्ण रंग एका नारिंगीकडे ओढते, मग दोघांमधलं अंतर राहणार कसं? त्यात गोदामातल्या स्वस्त एलईडी ट्यूब. त्यांच्या प्रकाशात गडद लाल फार कमी असतो, म्हणून चेहरे हिरवट-राखाडी येतात. ते सुधारायला तुम्ही लाल चढवलात की हळद शेंदरी होते. प्रकाशातच जो रंग नाही तो फुटेजमध्ये येत नाही, आणि फुटेजमध्ये नसलेला ग्रेडिंगमध्ये (नंतरच्या रंगकामात) सापडत नाही. जुन्या, कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली हे ठळक दिसतं. त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश 589 नॅनोमीटरच्या, म्हणजे एकाच पिवळ्या रंगाच्या, आसपास असल्यामुळे निळी साडी काळीच दिसते, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

गोदामावरचा उपाय फुकट आहे. ट्यूब बंद करा आणि गोदामाच्या दाराचं शटर उघडा. दारातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात सगळे रंग असतात. तो बाजूने, खालच्या कोनात येऊ दिला की हळदीच्या ढिगाला पोत मिळतो. समोरून आला तर ढीग सपाट पिवळा डाग दिसतो. आरजीबी परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या आलेखावर) निळ्या चॅनेलकडे लक्ष ठेवा. गडद पिवळ्यात तो तळाला टेकतो आणि पोत तिथेच मरतो. ट्यूब चालू ठेवणं भागच असेल तर सेकंदाला 24 फ्रेम असताना कॅमेऱ्याचं शटर 172.8 अंश, म्हणजे 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने 1/48 वर पट्टे सरकताना दिसू शकतात.

आता ओसरी. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) 800 आणि शटर 1/50 धरा. दुपारच्या उन्हातल्या चौकाला लेन्सचं छिद्र एफ 64 इतकं बारीक लागतं. तुम्हाला हवं एफ 4, म्हणजे आठ स्टॉप कापायचे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), त्यासाठी लेन्सवर उजेड कमी करणारी काच, एनडी 2.4. (इतकी जाड एनडी साधी असेल तर काळी छत्री तांबूस दिसते, इन्फ्रारेड अडवणारीच घ्या.) आतली ओसरी त्याच वेळी सहज सहा-सात स्टॉप खाली असते. एस-लॉग3 (सोनीचा लॉग) मध्ये मधल्या राखाडीच्या वर जेमतेम सहा स्टॉप मिळतात. ओसरीतला चेहरा नीट धरला की चौक जळतो. चौक वाचवला की चेहरा तळाला जातो, आणि तिथून वर ओढताना नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, हेही वर येतात. तुमचा मळकटपणा बहुधा हाच. त्यातून फाइल 8 बिट असेल तर प्रत्येक चॅनेलला फक्त 256 पायऱ्या, लॉगमध्ये त्याही दाटीवाटीने. ताणल्या की गालावर आणि आभाळात पट्टे पडतात. 10 बिटला 1024 मिळतात. कॅमेरा 8 बिटच देत असेल तर लॉग सोडा आणि साध्या, कमी कॉन्ट्रास्टच्या प्रोफाइलवर शूट करा.

यावर लाइटपेक्षा कापड उपयोगी. 1956 च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्यातल्या स्टुडिओत उभारलं होतं. छायालेखक सुब्रत मित्र यांनी त्यावर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर मारून आकाशासारखा बिनसावलीचा उजेड उतरवला. आपल्याला दिवेही नकोत, ऊन आहेच. वाई-मेणवलीकडच्या वाड्यांत चौकावर मांजरपाट ताणा, थोडा उताराने, दर दोन फुटांवर बांधून. सैल राहिला तर वाऱ्यावर फडफडतो आणि चेहऱ्यावरचा उजेड श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतो. असा शॉट टाकूनच द्यावा लागतो. कोरा मांजरपाट पिवळसर असतो, त्यामुळे व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्याची जुळणी) त्याच्याखाली राखाडी ग्रे कार्ड धरून घ्या. मग ओसरीत चेहऱ्याच्या एका बाजूला थर्माकोल. दोन बाजूंत एक स्टॉपचा फरक म्हणजे 2:1, घरगुती प्रसंगाला पुरे. दोन स्टॉप म्हणजे 4:1, तणावाला. त्यासाठी दुसऱ्या बाजूला काळा कपडा लावावा लागतो, कारण चुन्याच्या भिंती नको तिथे उजेड परत फेकतात.

भिंती आणि कपड्यांचा आग्रह तुम्हाला जुनाट वाटला. सातारा-सांगलीकडच्या कथेत गांधी टोपी येणारच. सावळ्या चेहऱ्यावर पांढरीशुभ्र टोपी उन्हात आली की फ्रेममधली सर्वांत उजळ गोष्ट तीच, आणि डोळा तिथेच जातो. टोप्या आणि धोतरं फिकट चहाच्या पाण्यातून काढून वाळवा. पडद्यावर पांढरीच दिसतात, पण जळत नाहीत. सत्तर टक्क्यांचा झेब्राही (ठरावीक उजळपणावर पट्टे दाखवणारी कॅमेऱ्यातली खूण) विसरा, तो गोऱ्या कातडीसाठी आहे. सावळा चेहरा रेक 709 मध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या मानकात) पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांवर शोभतो.

ग्रेडिंगला मी कमी लेखत नाही, क्रम मात्र पाळा. आधी एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स, मग तुमच्या कॅमेऱ्याच्याच लॉगसाठी असलेलं, नेहमीच्या रंगांत आणणारं रूपांतर आणि त्यानंतर लूकची लट, तीही अर्ध्या जोरावर. लॉग-सी (अ‍ॅरी कॅमेऱ्याचा लॉग) साठी बनलेली लट एस-लॉग3 वर लावली तर आकडेच चुकीच्या घरात पडतात. नेटवरून उतरवलेल्या लटीबरोबर ती कुठल्या लॉगसाठी आहे हे लिहिलेलं नसेल, तर ती वापरूच नका.

गोदामाचं दृश्य पुन्हा घेणं शक्य नसेल तर टील-ऑरेंज काढा, ह्यू व्हर्सेस ह्यू (एक रंग दुसऱ्याकडे वळवणारं ग्रेडिंगचं साधन) मध्ये पिवळ्याचा पट्टा किंचित हिरव्याकडे सरकवा आणि ग्रेडिंगमध्येच चेहऱ्यांभोवती मास्क (सीमा) आखून त्यांना या बदलाबाहेर ठेवा. थोडी सुटका होईल. ऊस असलेल्या शॉटना हा पट्टा लावू नका; पाचट लगेच हिरवट होतं.