एकानं काय होतंय?

आपल्याकडे पानात वाढलेल्याला ‘नको’ म्हणायला दोनच कारणं चालतात. पहिलं उपास. ‘आज संकष्टी आहे’ म्हटलं की वाढणारा हात जागच्या जागी थांबतो, वर ‘अगंबाई, आधी सांगायचं, बटाट्याचा कीस तरी केला असता’ अशी हळहळही मिळते. दुसरं कारण डॉक्टर. ते अर्धंमुर्धं चालतं. ‘डॉक्टर काय, सांगतातच’ असं म्हणून लाडू निम्मा करून वाढतात. तिसरं कारण म्हणजे ‘मला नकोय’. ते मात्र कारणात धरतच नाहीत, थेट उद्धटपणात जमा होतं.

मी गेली काही वर्षं या तिसऱ्या कारणावर निभावतेय. ‘आज उपास आहे’ असं खोटं सांगून सुटायचा सल्ला मला बऱ्याच जणींनी दिला. पण साताऱ्याच्या माझ्या सासरी प्रत्येकीच्या डोक्यात अख्खं कालनिर्णय असतं. ‘आज कसली गं चतुर्थी?’ एवढ्या एका प्रश्नात पितळ उघडं. आणि मुळात स्वतःच्या पोटात काय जाणार हे सांगायला देवाला मध्ये घालायचं, हे मला पटत नाही.

पार्श्वभूमी एवढीच, की वडिलांना मधुमेह होता आणि चाळिशी ओलांडल्यावर माझा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 6.1 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेह अजून घरात शिरलेला नाही, दारात उभा आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, ज्या मोठ्या पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले, त्यानुसार देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त लोक आहेत आणि असे दारातले 13 कोटींहून जास्त. म्हणजे मी काही जगावेगळी नाही. मी केलं काय, तर चहातली साखर बंद केली, भात वाटीभर ठेवला, जेवणात भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक. गोड सणावारी, तेही बेताचं. संपलं. यात परदेशी बिया नाहीत, पावडरी नाहीत, हिरवा रस नाही.

पण माझं वजन पहिल्यापासून बेताचं. त्यामुळे पहिला टोमणा ठरलेला: ‘तुला गं कशाला डाएट? फुंकर मारली तर उडशील.’ पाठोपाठ, ‘किती वाळलीस, बरं नाहीये का?’ आणि नवऱ्याकडे वळून, ‘काय रे, खायला घालतोस की नाही हिला?’ (तो बिचारा तेव्हा तिसरी जिलबी खात असतो.)

बारीक माणसाला कसला आलाय मधुमेह, या समजुतीवर खरं तर पुण्यातच उत्तर सापडलेलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चक्क स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघंही सडपातळ. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2. वजनकाट्याला जे कळलं नाही ते तपासणीत दिसलं. आपली भारतीय शरीरं वरून काटक आणि आतून चरबी साठवणारी असू शकतात, हे त्या एका फोटोने जगाला सांगितलं. मला हा फोटो इतका आवडतो की एका हळदीकुंकवाला मी तो मोबाईलवर काढून दाखवलाही. एका काकूंनी चष्मा वर करून नीट पाहिला, म्हणाल्या, ‘म्हणजे आता बारीक असणंसुद्धा वाईट?’ आणि माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की टोमण्याला माहितीने उत्तर देण्यात अर्थ नाही. विचारणाऱ्याला माहिती नकोच असते. त्याला हवं असतं ते वेगळंच, आणि माझ्या मते ते दोन प्रकारचं असतं.

घरच्या माणसांचं सोपं आहे. आमच्या थोरल्या जाऊबाई होळीला पहाटे उठून पुरण घालतात. कटाच्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडाशी येतो. पहिली पोळी मी आवडीने खाते, कारण ती खरोखर अप्रतिम असते. दुसरीच्या वेळी मी पानावर हात आडवा धरते. त्या हाताच्या फटीतून पोळी सरकवतात आणि मागोमाग तूप. गेल्या होळीला ते गरम तूप माझ्या बोटांवर सांडलं, तर म्हणतात, ‘बघ, तुपालासुद्धा तुझ्याकडंच यायचंय. एकानं काय होतंय?’ आता या बाईला मी कर्बोदकं सांगू? त्यांनी ओट्याशी सकाळ घालवलीय. माझं ‘नको’ त्यांच्या कानावर ‘तुमची सकाळ नको’ असं पडतं. म्हणून मी आता पोळी नाकारायच्या आधी त्यांची सकाळ ताब्यात घेते. स्वयंपाकघरात जाऊन बसते, पुरण वाटायला घेते, जायफळ किती घातलं ते विचारते, निघताना लेकीसाठी डब्यात दोन पोळ्या मागून घेते. मग दुसऱ्या पोळीवरून वाद होत नाही असं नाही, पण तो लुटुपुटीचा होतो. त्या ओरडतात, मी हसते, पोळी जाते दिराच्या पानात.

ऑफिसातलं प्रकरण निराळं. तिथे प्रेमाचा काही संबंध नसतो. कुणाचाही वाढदिवस असो, कागदी प्लेटमध्ये समोसा, वेफर्स आणि क्रीमच्या केकचा चौकोन हा त्रिकोण ठरलेला. मी चार वेफर्स आणि केकचा कोपरा घेते, उरलेलं ज्याला हवं त्याला देते. एवढ्यावर, ‘मॅडम आल्या, ताटं झाका रे’. मी कुणाच्या प्लेटकडे पाहिलेलंसुद्धा नसतं. पण मी खात नाही म्हटल्यावर समोरच्याला आपण खातोय हे एकदम जाणवतं, आणि त्याला ते आवडत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्याने हसणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याच्या ड्रॉवरमध्ये लॅबचं पाकीट न उघडता पडलेलं आहे. हे कळल्यापासून मला त्या विनोदांचा राग येत नाही. हसून घेते आणि विषय बदलते. मात्र ‘अहो, मीसुद्धा कधीकधी खाते हो’ अशी सफाई देत नाही. सफाई दिली की आपण आरोपी होतो.

‘आमची आजी तूप-गूळ खाऊन नव्वद वर्षं जगली’ हा पुढचा हुकमी एक्का. माझीही आजी भरपूर जगली. पण ती पहाटे जात्यावर बसायची, विहिरीचं पाणी शेंदायची, आणि तिच्या घरात गोड सणाला व्हायचं, बुधवारी कंटाळा आला म्हणून ऑनलाइन मागवलं जायचं नाही. साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा झाले की खलास, बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत. आजीचं उदाहरण द्यायचं तर आजीचा सगळा दिवस घ्या, फक्त तुपाची वाटी उचलू नका.

आणि गंमत बघा. मी डब्यात ज्वारीची भाकरी, पिठलं आणि मेथी आणली की ते ‘डाएट’. हेच लोक रविवारी सिंहगड चढून, निम्म्या वेळा तर गाडीने वर जाऊन, तीच भाकरी, तेच पिठलं, वर ठेचा आणि मडक्यातलं दही पैसे मोजून खातात, फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘अस्सल गावरान!’ सोमवारी माझ्या डब्यात तीच भाकरी बिचारी आजारी माणसाचं पथ्य होते.

एका टोमण्यावर मात्र मला हसता येत नाही. ‘शेवटी मरायचंच आहे की, मग खाऊन मरू.’

माझे वडील याच मताचे होते. गोडाला त्यांनी जन्मात नाही म्हटलं नाही. साताऱ्याहून कुणी आलं की कंदी पेढ्यांचा पुडा पहिल्यांदा त्यांच्याकडे जायचा. पण माणूस खाऊन लगेच मरत नाही, ही त्या वाक्यातली अडचण आहे. मधे बरीच वर्षं असतात. वडिलांची शेवटची वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत गेली. तेव्हा पेढा सोडाच, पाणीसुद्धा मोजून. सकाळी आई बाटलीत दिवसभराचं पाणी भरून ठेवायची, गोळ्या त्यातच, चहा त्यातूनच वजा. पोटॅशियम वाढू नये म्हणून भाज्या चिरून, उकळून, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. चोथा व्हायचा भाजीचा. शहाळं बंद, टोमॅटो नावाला. दुपारी ते बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघायचे. ज्या नातेवाइकांनी त्यांना आयुष्यभर ‘घ्या हो, एकानं काय होतंय’ केलं ते भेटायला यायचे, आणि तेच आता ‘पथ्य पाळा हं’ सांगून जायचे. मी कुणाला दोष देत नाही, खाणारे वडीलच होते. पण ‘खाऊन मरू’ कुणी म्हणालं की मला ती बाटली दिसते आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायचं बंधन नाही.

बाकी ठिकाणी माझं उत्तर फार छोटं असतं: ‘नको, छान झालंय पण.’ कारण देत नाही. ‘शुगर’ म्हटलं की गुळाचा पर्याय पुढे येतो, ‘वजन’ म्हटलं की ‘कुठे आहे वजन?’, ‘तेलकट’ म्हटलं की ‘घाण्याचं तेल आहे गं’. कारण म्हणजे समोरच्याच्या हातात दिलेलं दोरीचं टोक. तो ओढतच राहतो. नुसत्या ‘नको’ला टोक नसतं. दोनदा, तीनदा त्याच सुरात म्हणायचं. चौथ्यांदा लोक कंटाळतात आणि कुणाच्या तरी लग्नाचा विषय निघतो.

आता आपल्या बाजूच्यांचंही बोलते, कारण टोमणे फुकट येत नाहीत. काही वर्षांपूर्वी घराघरांत डॉ. जगन्नाथ दीक्षित की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर हा वाद रंगला होता. एक म्हणणार दिवसातून दोनदाच जेवा, तेही 55 मिनिटांत. दुसऱ्या म्हणणार दर दोन तासांनी थोडंथोडं खा. दोन्हीकडचे भक्त एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्या दिवसांत लोकांना आहारावर इतकी प्रवचनं ऐकावी लागली की आज कुणी नुसतं भात कमी घेतला तरी समोरचा सावध होतो: आता ही सुरू होणार. ही भीती खोटी नाही. दुसऱ्याच्या बटाटेवड्याकडे बघून ‘किती तेल पितो माहितीये का’ म्हणणारी माणसं मलाही झेपत नाहीत. आपल्या ताटावर कुणी बोलू नये असं वाटत असेल तर दुसऱ्याच्या ताटावर तोंड उघडायचं नाही, विचारलं तरी बेतानेच.

आणि सगळे बोलणारे टोमणेच मारतात असंही नाही. खरंच कुणी उपाशी राहून स्वतःचे हाल करत असेल, चक्कर येत असेल, पाळी लांबत असेल, तर मैत्रिणीने बोललंच पाहिजे. फरक ओळखायला सोपा आहे. काळजी असलेलं माणूस बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतं. टोमण्याला प्रेक्षक लागतात.

त्या प्रेक्षकांत आता माझी मुलगी असते. चौदा वर्षांची, थोराड अंगाची, पोळी-भाजी मनापासून खाणारी. मागच्या दिवाळीत फराळाला बसलो होतो. चुलत सासूबाईंनी नेहमीसारखं माझ्यावर तोंडसुख घेतलं, ‘ही बघा, चकलीचं एक वेटोळं खाते’, मी नेहमीसारखी हसले. मग त्या लेकीकडे वळल्या. ‘आणि आईचं सगळं ही खाते वाटतं! कमी कर गं जरा, पुढे जड जाईल.’ मुलीच्या हातातली करंजी परत ताटलीत गेली.

तिथे मी हसले नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘काकू, माझ्या ताटावर काय बोलायचं ते बोला, तिच्या अंगावर नाही.’ आवाज चढवला नाही, पण सूर बदलला होता. क्षणभर सगळे गप्प. सासूबाई चिवड्यातले काजू शोधायला लागल्या, दिरांनी टीव्ही मोठा केला. काकू रुसल्या, भाऊबीजेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि ‘फार शहाणी झालीय’ हे तीन घरं फिरून माझ्यापर्यंत आलं. येऊ दे. लेकीने ती करंजी खाल्ली, वर एक शंकरपाळ्यांची मूठही घेतली.