माळरानावर झाडे लावल्याने पक्षी परतत नाहीत

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्वेकडील माळराने ओसाड पडली आहेत, तेथे मिळेल ते झाड लावा, म्हणजे जंगल उभे राहील, पक्षी परततील आणि हवामान बदलाला आळा बसेल, असे त्यात म्हटलेले असते. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे; मात्र त्यांचे म्हणणे माळरानाला लागू पडत नाही.

पहिला मुद्दा ओसाडपणाचा. तोडलेल्या जंगलाच्या जागी माळ उरला, हा समज सरसकट खरा नाही. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यातील वनस्पतींचे आणि भूप्रदेशाचे उल्लेख तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात गवत आणि विरळ काटेरी झाडे किमान साडेसातशे वर्षांपासून असल्याचे त्यातून दिसते. सरकारी नोंदींत मात्र अशी बरीच जमीन आजही ‘पडीक’ म्हणूनच मोजली जाते, आणि वृक्षारोपणाला जागा शोधताना पहिले बोट तिच्यावरच पडते.

दुसरा दावा पक्ष्यांचा, आणि सर्वांत जास्त हानी त्यानेच होते. माळढोक उघड्या जमिनीवर अंडे घालतो, तेही सहसा एकच. दूरवरचा धोका दिसेल असे मोकळे रान त्याला लागते. चंडोल, धाविक आणि पखुर्डी यांचीही घरटी जमिनीवरच असतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री उंच गवतात जमिनीवर मुक्काम करतात आणि दिवसा नाकतोडे टिपतात. अशा माळावर ग्लिरिसिडिया या झपाट्याने वाढणाऱ्या विदेशी झाडाच्या रांगा उभ्या राहिल्या की कावळ्यांना आणि इतर भक्षकांना टेहळणीसाठी फांद्या मिळतात, सावलीत गवत विरळ होते आणि मोकळ्या रानाचे पक्षी ती जागा सोडतात. त्यांच्या जागी बुलबुल, साळुंक्या येतील हे मान्य. पण ते गावातल्या बागेतही राहतात, माळढोकाला मात्र दुसरीकडे जागा नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले, आणि त्याच्या क्षेत्रातही ग्लिरिसिडियाची लागवड झाली. तेथून माळढोक जवळपास नाहीसा होण्यामागे शिकार, शेतीचा विस्तार आणि वीजवाहिन्या ही कारणेही आहेत, परंतु अधिवास बदलण्याचा वाटा नाकारता येत नाही.

हवामानाविषयीचा दावा वरवर पटण्यासारखा वाटतो. झाड कार्बन साठवते हे खरेच आहे. पण गवताळ प्रदेशातील बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो, आणि रोपांसाठी चर व खड्डे खणताना तीच माती उलथली जाते. वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या भागात दुष्काळी वर्षी रोपे करपतात. मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवते मात्र वरून वाळली तरी पहिल्या पावसात फुटतात, माती धरून ठेवतात आणि धनगरांच्या मेंढ्यांना चारा देतात. टिकाऊपणा मोजायचाच असेल तर हाही मोजावा लागेल.

झाडे लावूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर, रस्त्याकडेला आणि जेथे खरोखर जंगल तुटले आहे अशा डोंगरउतारांवर स्थानिक जातींची झाडे अवश्य लावावीत. माळावर मात्र चराई आलटून-पालटून व्हावी, विलायती बाभूळ व ग्लिरिसिडिया टप्प्याटप्प्याने काढले जावेत आणि विणीच्या काळात, विशेषतः पावसाळ्यात, तेथे वाहने फिरू नयेत. ग्रामसभेपुढे गायरानावरील लागवडीचा ठराव आला, तर खड्डे खणण्यापूर्वी त्या जमिनीवर कोणती गवते आहेत आणि कोणते पक्षी वीण करतात याची पाहणी करण्याची अट त्यातच घालून घ्यावी.