बर्फाला नीळ

एन्सेलाडस हा शनीचा चंद्र त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो. सूर्यमालेत इतकं शुभ्र दुसरं काही सापडायचं नाही, आणि आम्ही हौशी मंडळी सुटीच्या दिवशी दार लावून बसतो ती यानांनी काढलेल्या त्याच्या फोटोंना रंग द्यायला. भर उन्हात वाळत घातलेल्या धोतराचा फोटो घ्यावा आणि त्यातल्या सुरकुत्या कोणत्या रंगाच्या यावर रात्रभर डोकं खाजवावं, तसं हे काम.

सामान फुकट मिळतं, इथेच माणूस फसतो. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरलं, साडेचार लाखांवर फोटो पाठवून शेवटी शनीतच जळून गेलं, आणि ते सगळे फोटो नासाच्या संग्रहात कुणालाही उघडे आहेत. फाइलचं नाव म्हणजे कॅमेऱ्याचं एक अक्षर आणि पुढे यानाच्या घड्याळाचे दहा आकडे. चंद्राचं नाव त्यात औषधालाही नाही. नवशिका मग 'ओपस' नावाच्या शोधयंत्रात चंद्र, फिल्टर आणि अंतर भरून नेमकी फाइल काढायचं सोडून सरळ तयार जेपेग उतरवतो. ते करू नये. जेपेग बनतानाच प्रत्येक फोटोचा कॉन्ट्रास्ट यंत्राने आपापला ताणलेला असतो. लाल फिल्टरमधून किती उजेड आला आणि हिरव्यातून किती, हा हिशेब तिथेच बुडाला. त्यानंतर जो रंग दिसेल तो तुमच्या नशिबाचा, चंद्राचा नव्हे. मूळ फाइल घ्यायची आणि 'आयसिस' या फुकट प्रणालीतून तिचं कॅलिब्रेशन करून घ्यायचं. म्हणजे किती उजेड पडला आणि किती परतला, याचं गुणोत्तर हाती येतं. 'आयसिस' बसवायला एक दिवस जातो आणि चुलीत लाकडं सारावीत तशा तिला डेटाच्या फाइली पुरवत राहाव्या लागतात, एवढं सोसायचं.

या कॅमेऱ्याला रंग दिसत नाही. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा कृष्णधवल फोटो, पुढे फिल्टरची फिरती चाकं. लाल, हिरवा, निळा असे तीन फोटो एकामागून एक घेतलेले असतात, ते एकावर एक बसवले की रंगीत चित्र. बसवले की! पूर्वी फटाक्यांच्या पाकिटावर लक्ष्मी यायची आणि तिच्या ओठांचा लाल रंग गालावर सरकलेला असायचा, ते आठवा. आमचा पहिला प्रयत्न कायम त्या पाकिटासारखा दिसतो.

कारण साधं आहे. समजा यान १ लाख किलोमीटरवर आहे. यानावरच्या दोन कॅमेऱ्यांपैकी अरुंद कोनाच्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये तिथे साधारण ६०० मीटर मावतात, म्हणजे ५०४ किलोमीटर व्यासाचा एन्सेलाडस ८४० पिक्सेलचा दिसतो. यान सेकंदाला १० किलोमीटर वेगाने त्याच्याकडे निघालंय आणि दोन फोटोंत ३० सेकंदांचं अंतर आहे, तर दुसऱ्या फोटोत चंद्र अडीच पिक्सेलने फुगतो. तिसऱ्यात पाच. शिवाय तेवढ्यात तो किंचित वळलेलाही असतो. म्हणून नुसतं सरकवून भागत नाही, आधी आकार सारखा करायचा. आणि कड कडेला जुळवायचा मोह टाळायचा: कड सुरेख बसते आणि मधली विवरं दुहेरी होतात. तिन्ही फोटोंत ओळखू येणारी पंधरा-वीस विवरं निवडायची, सगळीकडे पसरलेली, आणि त्यांना धरून फोटो हलकेच ताणायचा. चादर चारही कोपऱ्यांनी गादीखाली खोचताना जो एक कोपरा सुटतो, तो इथेही सुटतोच.

मग साफसफाई. कॅमेऱ्यावरच्या धुळीमुळे फोटोत अंधूक गोल वड्या उमटतात, मध्ये भोक, थेट मेदूवडा. कॅलिब्रेशनमध्ये बरेचसे जातात, एखादा उरतोच, आणि तो नेमका एखाद्या विवरावर बसून त्याला दुसरा काठ देतो. आडव्या फिकट पट्ट्याही असतात. त्या काढायला प्रत्येक ओळीतल्या काळ्या आकाशाचं मध्यमान काढून त्या ओळीतून वजा करतात. चंद्राने फोटो काठोकाठ भरला असेल तर आकाशच उरत नाही आणि पट्ट्या नांदतात. वैश्विक किरणांचे पांढरे ठिपके पुसायला संगणकातला मीडियन फिल्टर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला शेजाऱ्यांमधली मधली किंमत देणारा, एकदाच फिरवावा. दोनदा फिरवला की तारे जातात, तिसऱ्यांदा बारकी विवरं, आणि मागे उरतो तो पावडर लावलेला गाल.

आता नीळ. लाल, हिरवा आणि निळा हे फिल्टर प्रामाणिकपणे जुळवले तर एन्सेलाडस खडूसारखा दिसतो. घरचे म्हणतात, "हे करायला तीन दिवस?" म्हणून आम्ही लालच्या जागी ९३० नॅनोमीटरचा अवरक्त आणि निळ्याच्या जागी ३३८ नॅनोमीटरचा अतिनील फोटो ठेवतो. डोळ्याला साधारण ४०० ते ७०० दिसतं, त्यामुळे ही दोन्ही टोकं माणसाच्या हद्दीबाहेरची. पण एवढं केल्यावर दक्षिण ध्रुवाजवळच्या चार भेगा, त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात, निळसर उमटतात, कारण तिथल्या बर्फाचे कण जाडसर आहेत. माहिती खरी, रंग उसना. घोळ होतो तो पुढे. अतिनील फोटोत उजेड मुळातच कमी, दाणेदार गोंगाट जास्त. रंग दुप्पट गडद केला की भेगा दिसतात, चौपट केला की सगळ्या चंद्रावर निळे शिंतोडे. नीळ जास्त झालेलं धोतर गल्लीच्या टोकावरून ओळखू येतं.

युरोपा या गुरूच्या चंद्राचा चाहता तर जन्माचा काटकसरी. गुरूकडे धाडलेल्या गॅलिलिओ यानाची मुख्य अँटेना १९९१ साली उघडायची होती. छत्रीसारखी होती, आणि पहिल्या पावसात छत्रीच्या काड्या अडकाव्यात तशी ती अडकली. सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट धाडायचे ठरले होते, छोट्या अँटेनाने फार तर १६०. ८०० बाय ८०० पिक्सेलचा एक फोटो दाबून लहान न करता धाडला तर नऊ तास. अशा वेळी रंगावर कोण उधळपट्टी करील? बारीक तपशिलाचे फोटो बहुतेक कृष्णधवल, रंगीत फोटो ढोबळ. आपण ढोबळ फोटोतला फक्त रंग घेऊन बारीक फोटोवर पसरतो. दोन्हींत ऊन वेगवेगळ्या बाजूने पडलेलं असलं तर डोंगराचा करडा रंग दरीत ओघळतो.

गुरूकडेच धाडलेल्या जूनो यानाची तऱ्हा निराळी. ते ३० सेकंदांत एक गिरकी घेतं आणि कॅमेरा गिरकीबरोबर १२८ ओळींचे पट्टे टिपत जातो. २९ सप्टेंबर २०२२ ला ते युरोपावरून सुमारे ३५० किलोमीटरवरून गेलं. मूळ फाइल उघडली की युरोपाच्या कोथिंबीर वड्या कापून ठेवलेल्या दिसतात. त्या जोडायला यान कुठे होतं आणि कुठे पाहत होतं, याच्या 'स्पाइस' फाइली लागतात. फाइलीत लिहिलेल्या सुरुवातीच्या वेळेत सुमारे ६२ मिलिसेकंद मिळवायचे असतात. क्षुल्लक वाटतं ना? तेवढ्यात यान पाऊण अंश फिरतं आणि पट्टे वीसेक पिक्सेल चुकतात. ही ओळ न वाचलेला माणूस आपल्या गणितातली चूक शोधत आठवडा घालवतो.

शेवटी धार लावायची, म्हणजे चित्रातल्या कडा ठळक करायची खोड. धारेची त्रिज्या दोन पिक्सेलच्या पुढे गेली की चंद्राच्या कडेला गणपतीमागच्या प्रभावळीसारखं पांढरं वलय येतं आणि पाहणारा विचारतो, "हे वातावरण का?" एन्सेलाडसच्या त्या भेगांतून उडणारे बर्फाचे खरे फवारे दिसतात ते सूर्य त्याच्या मागे असतानाच्या फोटोत, कोर पातळ असताना. समोरून उजळलेल्या चंद्रावर फवारा सापडला तर आधी स्लायडर मागे घ्यावा.

एवढं होऊन चित्र दाखवलं की बघणारा म्हणतो, "छान फुगल्यात पुऱ्या." ऊन खालून आलेलं असलं की डोळा विवरांना टेकड्या समजतो. चित्र उलटं केलं की पुऱ्या बसतात, विवरं होतात. उत्तर दिशा मात्र खाली जाते, आणि मग जाणकार तेवढंच दाखवतात.