दोघांचे भांडण, तिसऱ्याची सायकल

जगातल्या बहुतेक खेळांमध्ये तिसऱ्या क्रमांकाची थोडीफार बूज राखलेली असते. त्याला पदक मिळते, उभे राहायला सर्वांत बुटकी का होईना पण स्वतःची पायरी मिळते, आणि दुसरा आलेला माणूस पहिला न आल्याच्या दुःखात बुडालेला असताना तिसरा चौथा न आल्याच्या आनंदात हसत असतो. फोर-क्रॉस नावाच्या सायकल शर्यतीत ही सोय फक्त अंतिम फेरीत असते. त्याआधीच्या प्रत्येक फेरीत चौघे सुटतात, पहिले दोघे पुढच्या फेरीत जातात आणि उरलेले दोघे दोरीबाहेर जातात. नियमांच्या लेखी तिसऱ्यात आणि चौथ्यात काडीचाही फरक नसतो. व्यवहारात मात्र तो असतो आणि तिसऱ्याच्या विरुद्ध जातो. चौथा बहुधा पडलेला असतो, त्याचे कोपर खरचटलेले असते, जर्सी मातीने माखलेली असते आणि भोवती जमलेली माणसे "नेमके झाले काय?" असे त्याला आस्थेने विचारत असतात. तिसरा धडधाकट असतो, स्वच्छ असतो आणि त्याला काहीही झालेले नसते. हौशी फोर-क्रॉसमध्ये मी जवळजवळ कायमचा तिसरा असल्यामुळे या अन्यायाविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. डोंगराच्या उतारावर माती रचून आणि दाबून एक मार्ग तयार करतात. त्यावर उड्यांसाठी उंचवटे असतात, बाहेरच्या बाजूने भिंतीसारखी उचललेली वळणे असतात, ओळीने मांडलेले मातीचे ढिगारे असतात आणि आयोजकांना उत्साह असेल तर मध्येच दगडगोटेही असतात. वरून चौघांना एकदम सोडतात आणि साधारण अर्ध्या ते एका मिनिटात सगळा निकाल लागतो. पूर्वी डोंगरी सायकलींच्या जागतिक स्पर्धांत ड्युअल नावाचा प्रकार असे. त्यात दोघेच सुटत, एक जिंके, एक हरे आणि हिशेब सरळ राही. २००२ साली त्याच्या जागी फोर-क्रॉस आले. त्या वर्षी ऑस्ट्रियातील काप्रुन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांत अमेरिकेचा ब्रायन लोप्स आणि महिलांत फ्रान्सची आन-कॅरोलिन शोसों यांनी या प्रकारातली पहिली विजेतेपदे मिळवली, असे इतिहास सांगतो. माझ्या दृष्टीने त्या वर्षीची महत्त्वाची घटना निराळीच आहे. दोघांच्या शर्यतीत आणखी दोघांची भर पडली आणि तिसरा जन्माला आला.

या शर्यतीची सायकल पाहणाऱ्याला अर्धवट वाढलेली वाटते. चौकट बुटकी, चाके २६ इंची, पुढे जेमतेम १०० मिलिमीटर दबणारा फोर्क आणि मागे सस्पेन्शनच नाही, कारण ते असले तर पेडलवर टाकलेला जोर चाकापर्यंत जाण्याआधी त्यातच मुरतो. गिअर मोजकेच असतात आणि साखळी उडू नये म्हणून पुढच्या एकमेव चक्रावर चेन गाइड बसवलेला असतो. सीट इतकी खाली असते की ती बसण्यासाठी ठेवली आहे असा संशयही येऊ नये, आणि खरोखरच शर्यतभर तिच्यावर कोणी बसत नाही. त्यामुळे उंच माणूस आणि शाळकरी मुलगा दोघांनाही तीच सायकल चालते, ही गोष्ट वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी. बाकीच्या डोंगरी सायकली केव्हाच मोठ्या चाकांवर गेल्या असल्यामुळे मी २६ इंची टायर मागितला की दुकानदार हटकून "मुलासाठी का?" असे विचारतो, आणि अलीकडे मी होकारार्थी मान हलवू लागलो आहे.

शर्यतीच्या दिवशी प्रथम पात्रता फेरी होते. तीत प्रत्येकाला एकेकटे सोडून वेळ मोजतात आणि त्या वेळेनुसार चौघाचौघांचे गट पाडतात. गट पाडण्याची पद्धत अशी असते की सर्वांत वेगवान माणसांची सर्वांत मंद माणसांशी आधीच गाठ पडावी. शिवाय ज्याची वेळ चांगली, त्याला सुरुवातीच्या फाटकावरची जागा निवडण्याचा पहिला मान मिळतो. तो पहिल्या वळणाच्या आतल्या बाजूची जागा घेतो, दुसरा त्याच्या शेजारची घेतो, आणि ही निवड माझ्यापर्यंत येईतो तिला निवड म्हणणे हा निव्वळ शिष्टाचार उरतो. राहिलेली जागा बाहेरच्या कडेला असते. तिथली माती कोणी दाबलेली नसते, कारण तिथून सुटण्याची वेळ कोणावर येईल असे मार्ग बांधणाऱ्यांना वाटलेले नसते.

स्पर्धक कमी असले की आयोजक वयोगट एकत्र करतात. त्यामुळे फाटकाकडे जाणाऱ्या रांगेत माझ्या पुढे नेहमी एखादा असा मुलगा असतो ज्याच्या ओठांवर अजून मिसरूडही फुटलेले नाही, पण ज्याची सायकल हवेत आडवी होऊन पुन्हा सरळ होते. अशाच एका मुलाने हेल्मेटवरचा गॉगल वर करून मला अत्यंत नम्रपणे विचारले होते, "काका, ती पहिली डबल तुम्ही मारणार की रोल करणार?"

डबल म्हणजे मातीचे दोन उंचवटे आणि त्यांच्यामधला खड्डा. धीट माणूस पहिल्यावरून उडतो आणि दुसऱ्याच्या उतारावर उतरतो. माझ्यासारखा विचारी माणूस चाके जमिनीवरच ठेवून खड्ड्यात उतरतो आणि पुन्हा वर चढतो, म्हणजे डबल रोल करतो. मुलाच्या प्रश्नात उपहास नव्हता, शुद्ध सुरक्षाविचार होता. मी त्याच्या पुढे असलो आणि रोल केली तर तो हवेतून माझ्या पाठीवर उतरणार होता.

"बघू, वेळेवर ठरवीन," असे मी अनुभवी माणसाच्या स्वरात म्हणालो.

"काका, प्लीज आधीच ठरवा ना," तो म्हणाला.

मी पुढे असण्याची शक्यता त्याने गृहीत धरली, याचेच मला इतके बरे वाटले की मी त्याला खरे ते सांगून टाकले.

फाटकाचा प्रसंग मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण माझ्या मते शर्यत तिथेच संपते. पुढचे अर्धे मिनिट गुरुत्वाकर्षणाशी घातलेला वाद असतो. वर एक लोखंडी फाटक उभे असते. पुढचे चाक त्याला टेकवायचे, दोन्ही पाय पेडलवर घ्यायचे, पेडल आडवी समांतर ठेवायची आणि जमिनीला पाय न लावता तोल सांभाळत उभे राहायचे. शेजारचे तिघे असे निश्चल उभे असतात की त्यांना तिथे रोवले असावे. माझे हँडल डावी-उजवीकडे नकारार्थी मान हलवत असते. मग ध्वनिमुद्रित आवाज थंडपणे "रायडर्स रेडी, वॉच द गेट" असे बजावतो. त्यानंतर दिवे लागेपर्यंत किती क्षण जातील हे मुद्दामच अनिश्चित ठेवलेले असते, म्हणजे कोणी आकडे मोजून आधी सुटू नये. त्या अवधीत मला हटकून आठवते की टायरमधली हवा पाहायची राहिली, आणि हा विचार पूर्ण होण्याच्या आत दिवे लागतात, बीप वाजतात आणि फाटक धाडकन पडते.

निष्णात सायकलपटू पहिल्या बीपला कंबर मागे नेऊन पुढे झेप घेतो, आणि फाटक खाली जात असतानाच त्याचे चाक त्यावरून निघालेले असते. ही झेप क्षणभर आधी घेतली तर चाक उभ्या फाटकावर अडकते आणि स्वार हँडलावरून एकटाच शर्यतीला निघतो. क्षणभर उशिरा घेतली तर समोर तीन पाठी दिसू लागतात. या दोहोंमध्ये एक योग्य क्षण असतो असे सांगतात. मी दुसरा पर्याय पत्करतो, कारण त्यात दात शाबूत राहतात.

पहिल्या वळणावर मार्ग कागदोपत्री चौघांना पुरेल इतका रुंद असतो. पण वेगाने जाण्याजोगी रेघ एकच असते, आणि एका पांघरुणात झोपलेल्या चार भावंडांप्रमाणे प्रत्येकजण ती आपल्याकडे ओढत असतो. कोपराला कोपर लागते, पेडल शेजाऱ्याच्या स्पोकपासून बोटभर अंतरावरून फिरते. मुद्दाम धक्का दिला तर पंच बाद करतात, सहज लागला तर तो खेळाचा भाग, आणि या दोहोंतला फरक ज्याला धक्का लागला आणि ज्याने दिला त्यांना कधीही सारखा दिसत नाही. ओलांडून जाण्याची शास्त्रोक्त रीत अशी की वळणात बाहेरून, भिंतीवर उंच चढून शिरावे आणि समोरचा भिंतीकडे वाहवत जाईल तेव्हा त्याच्या आतून खाली कापत निघावे. मीही भिंतीवर उंच चढतो. खाली कापत निघण्यापूर्वी मात्र ब्रेकवरची माझी बोटे मला न विचारताच मिटतात, आणि अंगभर जमवलेला वेग मी तिथेच सोडून येतो.

अशा रीतीने पहिल्या वळणानंतर मी तिसरा असतो आणि माझी खरी शर्यत सुरू होते. पुढे दोघेजण एकमेकांना खेटून चाललेले असतात, आणि मी मागे देव पाण्यात घालून बसलेला असतो. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण ज्याने केली त्याने ती केवळ आमच्यासाठी केली असावी. पुढच्या दोघांची हँडले एकमेकांत अडकावीत, कोणालाही फारसे लागू नये, पण उठायला मात्र पुरेसा वेळ लागावा, अशी माझी माफक प्रार्थना असते. हा विचार खिलाडूवृत्तीला धरून नाही हे मला मान्य आहे. परंतु प्रत्येक फेरीतल्या प्रत्येक तिसऱ्याच्या मनात तो असतो, आणि जो नाही म्हणतो तो चौथा असावा.

खुद्द या खेळाचीही कुंडली तिसऱ्याचीच आहे. सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या डोंगरी सायकलींच्या विश्वचषक मालिकेत क्रॉस-कंट्री, डाउनहिल आणि फोर-क्रॉस असे तीन प्रकार नांदत होते. २०११च्या हंगामानंतर संघटनेने त्यांतला एक मालिकेतून काढला. कोणता, हे सांगण्याची गरज नाही. पहिले दोघे पुढच्या फेरीत गेले. फोर-क्रॉसवाल्यांनी २०१२ पासून प्रो टूर नावाची आपली स्वतंत्र स्पर्धामालिका मांडली. त्याआधीच २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्सचा, म्हणजे छोट्या सायकलींच्या उंचवट्यांवरच्या शर्यतीचा, प्रथमच समावेश झाला, तेव्हा फोर-क्रॉसमध्ये जगज्जेत्या ठरलेल्या शोसों आणि अमेरिकेची जिल किंटनर यांनी तिथे जाऊन अनुक्रमे सुवर्ण आणि कांस्य पटकावले. कांस्य म्हणजे तिसरा क्रमांक. तो तिथे मिळतो, हे मी रागाने नोंदवून ठेवतो.

माझी प्रार्थना ऐकली गेली तो दिवस त्या मुलाचाच. तो आणि एक दाढीवाला तरुण शेवटून दुसऱ्या वळणात एकाच वेळी आत घुसले, हँडले अडकली, आणि धुरळा उठला तेव्हा दोन्ही सायकली मार्गावर आडव्या आणि त्यांचे मालक त्यांच्या शेजारी. मी त्यांना वळसा घालून पुढे गेलो आणि समोर पाहिले तर कोणीच नव्हते. फोर-क्रॉसचा मार्ग रिकामा कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे पुढच्याच्या मागच्या चाकाकडे पाहून मी ब्रेक दाबायची जागा ठरवत आलो होतो; आता ते चाकच नसल्यामुळे मी खबरदारी म्हणून सगळीकडेच दाबले. चौथा माझ्या आतल्या बाजूने निघून गेला. तरीही मी दुसरा होतो, म्हणजे पुढच्या फेरीत होतो, आणि आता एकच डबल उरली होती. मी ती नेहमीप्रमाणे रोल करायला घेतली. खड्ड्याच्या तळाशी असताना "काका, उजवीकडेच राहा!" अशी आरोळी ऐकू आली आणि माझ्या डाव्या खांद्यावरून एक सायकल गेली. त्याला माझा मार्ग आधीच ठाऊक होता, कारण मीच तो त्याला रांगेत सांगितला होता.

रेषेपलीकडे मुलगा सायकल उचलून चाक फिरवून पाहत होता. पडण्यात आणि त्या शेवटच्या उडीत मिळून मागचे तीन स्पोक तुटले होते, आणि रिमला असा आउट आला होता की चाक फिरताना चौकटीला घासत होते. दाढीवाला तरुण लंगडत खाली येत होता, आणि त्याच्याभोवती माणसे जमू लागली होती. मुलाने आपल्या चाकाकडे पाहिले, मग माझ्या सायकलकडे पाहिले, आणि तो पुन्हा तितक्याच नम्रपणे म्हणाला, "काका, तुमची सायकल आता रिकामीच आहे ना?"

पंचांनी हरकत घेतली नाही. माझ्या नंबरपाटीवरच त्याची पाटी झिप-टायने बांधण्यात आली. सीटला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. माझी सायकल उपांत्य फेरीला वर निघाली आणि मी दोरीला धरून उभा राहिलो. पहिल्या डबलवरून तिची दोन्ही चाके जमीन सोडून गेली, तेव्हा माझ्या पोटात जो गोळा आला तो स्वतःच्या कोणत्याही फेरीत आला नव्हता. ती दुसरी आली. म्हणजे ती अंतिम फेरीत गेली.

तिकडे वर जाण्याआधी मुलगा धावत माझ्याकडे आला. "काका, सायकल एकदम मस्त आहे तुमची," तो म्हणाला, आणि जरासा घुटमळून पुढे म्हणाला, "फक्त ब्रेकचे पॅड पार संपलेत हो. कुणी वापरते का ही उतरणीला?"