‘व्रणाशिवाय स्तन लहान’ या दाव्याबद्दल खुलासा

‘टाका नाही, व्रण नाही, स्तन लहान’ असा स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दलचा संदेश फिरतोय. तो अर्धवट आहे. लायपोसक्शनला, म्हणजे बारीक नळीने चरबी शोषून काढायला, काही मिलिमीटरचे छेद पुरतात हे खरे. पण त्यातून चरबीच निघते. ग्रंथी आणि सैल त्वचा तशीच राहते, स्तनांचे ओघळणे उलट वाढूही शकते.

त्वचा काढायची तर व्रण येणारच. उभ्या छेदाच्या पद्धतीत तो स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने फिरून स्तनाखालच्या घडीपर्यंत सरळ उतरतो. घडीतला लांब आडवा छेद वाचतो. स्तन फारच मोठे असतील तर हा आडवा छेद टाळण्याचा हट्ट महागात पडतो: खाली त्वचेच्या चुण्या उरतात आणि कधी दुरुस्तीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. नुसता वर्तुळाभोवतीचा छेद ऐकायला छान, पण ताणामुळे व्रण रुंदावतो. व्रण फिका पडायला 12 ते 18 महिने लागतात.