हो, एका दिव्यासाठी तीन तास

सकाळी घरच्या ग्रुपवर मावसभावाने व्हिडिओ टाकला. विमानतळावर हा काउंटरवरच्या मुलीवर ओरडतोय, आजूबाजूचे मोबाईल वर धरून शूटिंग करतायत आणि खाली लिहिलंय, 'चांगला दणका दिला.' कारण काय, तर पुढच्या चाकाचा दिवा नीट लागत नाही म्हणून विमान तीन तास लेट. त्यावर अख्ख्या खानदानाच्या टाळ्या. माझं डोकंच फिरलं.

अरे, दणका कुणाला? त्या पोरीने चाक बिघडवलं का?

'एका दिव्यासाठी तीन तास?' असं तो विचारतो. हो, एका दिव्यासाठी. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ नंबरचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरायला आलं. चाक खाली येऊन लॉक झालं की कॉकपिटमध्ये हिरवा दिवा लागतो. पुढच्या चाकाचा लागला नाही. विमान पुन्हा वर घेतलं, दोन हजार फुटांवर नेलं आणि कॉकपिटमधले सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट कधी सुटला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. विमान खाली खाली येत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत आदळलं. १०१ माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. बल्ब उडाले होते, बास.

हाच बिघाड जमिनीवर असताना एक माणूस बॅटरी घेऊन सोडवतो.

तो माणूस मी बघितलाय. नागपूरला, पावसाळ्यात, रात्रीच्या मुंबईच्या विमानाला. गेटच्या काचेतून विमानाचं नाक समोर दिसत होतं. रेनकोटवर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, कंबरेपासून वरचा माणूस चाकाच्या खोबणीत गायब, बॅटरीचा उजेड तेवढा आत हलतोय. मध्येच बाहेर यायचा, हात पुसायचा, पुन्हा आत. आणि माझ्या मागे एक गृहस्थ काउंटरवर मूठ आपटत होते, 'माझी मीटिंग गेली तर भरपाई कोण देणार?' थोडं वळून बघितलं असतं तर उत्तर काचेपलीकडे दिसत होतं.

एकच उदाहरण दिलं म्हणून कुणी हसेल, तर आणखी ऐका. डिसेंबर १९७८, अमेरिकेतलं पोर्टलंड, युनायटेड एअरलाइन्सचं १७३ नंबरचं विमान. चाकं खाली टाकताना धक्का बसला, दिव्यांचा भरवसा वाटेना. कॅप्टन तासभर चाकांचाच विचार करत घिरट्या घालत राहिला आणि इंधन संपलं. दहा जण गेले. हाताखालच्यांनी बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं, हे वैमानिकांना रीतसर शिकवायला लागले ते अशा अपघातांनंतर. १ नोव्हेंबर २०११ ला वॉर्सॉमध्ये कॅप्टन ताडेउश व्रोनाने चाकं न उघडलेलं बोईंग ७६७ विमान पोटावर उतरवलं. २३१ जण, सगळे सुखरूप. अख्ख्या जगाने त्याला डोक्यावर घेतलं आणि घ्यायलाच हवं होतं. पण तपासात काय निघालं? कॉकपिटमधला एक सर्किट ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारं बटण, बाहेर आलेला, कुणाला दिसला नाही. नंतर विमान उचलून तो दाबला, तर चाकं खाली आली.

आपल्याला हिरो आवडतो. जो रात्री बॅटरी घेऊन हिरोची वेळच येऊ देत नाही, त्याच्या नावाने शिमगा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या विमानाची हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) यंत्रणा बिघडली, इंधन जाळून वजन कमी करायला ते दोन तासांहून जास्त घिरट्या घालत होतं. चॅनेलवाले जणू क्रिकेटची कॉमेंट्री करत होते. ते नेहमीसारखं चाकांवर उतरलं तेव्हा सहवैमानिक मैत्रेयी शितोळे हिचा फोटो ह्याच ग्रुपवर, ह्याच भावाने, 'आपली मराठी मुलगी' म्हणून टाकला होता. काउंटरवरची पोर कुणाची रे?

मान्य आहे, 'तांत्रिक कारण' म्हणत कंपन्या वाट्टेल ते खपवतात. पाणी विचारत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना तासन्‌तास ताटकळत ठेवतात. त्यावर भांडा, मीही येईन.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. भाऊ वाईट नाही, त्याची मुलगी घरी वाट बघत असणार. पण विमान सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्याच्या कानावर रोज अशीच आरडाओरड पडत राहिली, तर एखाद्या रात्री त्याचा हात सही करताना घाई करेल, ह्याची मला खरंच भीती वाटते. नागपूरचा तो माणूस तासाभराने बाहेर आला, कुणाशी तरी बोलला आणि परत आत गेला. म्हणजे त्याचं समाधान झालेलं नव्हतं. तो परत आत गेला हे बघून मला इतकं बरं वाटलं!

कंपन्यांना एकच सांगणं आहे, नुसतं 'तांत्रिक' म्हणू नका. काय झालंय ते साध्या भाषेत सांगा, लोकांना कळतं. त्या रात्री नागपूरला कॅप्टन स्वतः गेटवर आले. म्हणाले, 'पुढच्या चाकाचा दिवा येताना उशिरा लागला. का, ते कळेपर्यंत मी निघणार नाही. अजून तासभर धरून चाला.' मूठ आपटणारे गृहस्थ 'मग ठीक आहे' म्हणाले आणि जाऊन खुर्चीवर बसले.