पाच पिनांची चहाडी

मिडी म्हणजे डिजिटल वाद्यांची आपसात बोलायची भाषा. मिडीच्या पाच पिनांच्या केबलमधून आवाज जात नाही. हे वाक्य प्रत्येक केबलला चिठ्ठी करून बांधून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. केबलमधून जाते ती निव्वळ चहाडी: "चॅनेल एकवर ६० नंबरची पट्टी दाबली हो, जोर ९२!" आणि मग, "सोडली हो!" ऐकून सूर काढायचा की गप्प बसायचं, हे पलीकडच्या सिंथने, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या सिंथेसायझरने, ठरवायचं. त्या सिंथला स्वतःची ऑडिओ वायर आणि स्पीकर वेगळा लागतोच.

डिजिटल पियानोचं आउट सॉकेट सिंथच्या इन सॉकेटला, म्हणजे तोंड कानाला. तरी हात हमखास इनला इन जोडतो. नावं जुळली की गुण जुळले, असं वाटत असावं. यूएसबीवाल्या मिडी केबलने तर कहर केलाय. प्लगवर 'इन' छापलंय, म्हणजे तो स्वतः इन आहे, की त्याला इनमध्ये खुपसायचं? दोन्ही अर्थांच्या केबली मिळतात. आवाज आला नाही तर सरळ अदलाबदल करा. करंट जेमतेम ५ मिलिअँपिअर असतो, काही जळत नाही.

पियानोमागचं चौकोनी यूएसबी पाहून दोन पियानो थेट जोडायला जाऊ नका. दोघेही पाहुणे, यजमान कोणीच नाही. मध्ये कॉम्प्युटर किंवा मिडी होस्ट, म्हणजे यजमान होणारी डबी, हवी.

चॅनेलं एकूण १६. पियानो एकवर बोलतोय आणि सिंथ दोनवर कान लावून बसलाय, तर केबल कितीही महाग घ्या, शांतता तीच. तिसरं वाद्य असेल तर सिंथच्या थ्रूमधून पुढे न्या. थ्रू म्हणजे इनला आलेलं जसंच्या तसं पुढे.

खरं घोडं पेंड खातं ते 'लोकल कंट्रोल'पाशी, म्हणजे पट्टी दाबली की पियानोने स्वतःहून सूर काढायचा की नाही, त्या सेटिंगपाशी. कॉम्प्युटर जोडला की सूर डब्यात तोंड घालून गायल्यासारखा येतो, आणि मोठ्या तुकड्यात आधीचे सूर मध्येच तुटतात. कारण पट्टी एकदा दाबली तरी सूर दोनदा वाजतो: एकदा पियानोने स्वतःहून, आणि एकदा सॉफ्टवेअरने तीच चहाडी परत पाठवल्यावर. लोकल ऑफ करा, सुटलात. फक्त नंतर कॉम्प्युटर बंद ठेवून पियानोवर बसलात आणि तो मुका निघाला, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी ते ऑफ आठवा. बऱ्याच पियानोंमध्ये वीज बंद करून चालू केली की लोकल आपोआप ऑन होतं.

शेवटचा छळ चिकटलेल्या सुराचा. पट्टी दाबलेली असताना चॅनेल बदललं, की "सोडली हो!" नव्या चॅनेलवर जातं आणि ऑर्गनचा सूर भोंग्यासारखा वाजत राहतो. सगळे सूर एकदम थांबवणारं पॅनिक बटण असेल तर दाबा, नसेल तर सिंथ बंद करून चालू करा. घाबरून केबल मात्र उपटू नका. त्याने तो सूर थांबेलच असं नाही, उलट, त्याच क्षणी दुसरी एखादी पट्टी दाबलेली असेल तर तिचं "सोडली हो!" सुद्धा वाटेतच राहू शकतं, आणि मग भोंगे दोन.